कोरा दगड, स्रोत – स्थानिक

सोमवार, ४ मार्च

कोऱ्यात पुन्हा लिथियम. ३१२!

तीनदा चढवला मशीनवर. ३०९, ३१४, ३११. म्हणजे मशीन शुद्धीवर आहे. मग चुकतंय कोण?

मंगळवार, ५ मार्च

सकाळी दादाने विचारलं, तोंड का पाडलंयस. सहसा मी सांगत नाही. आज सांगायला गेले आणि फसले.

म्हटलं, दर वीस नमुन्यांत आम्ही एक दगड मुद्दाम असा घालतो की ज्यात लिथियम नाही हे आधीच ठाऊक असतं. त्याला कोरा म्हणतात. त्याचा आकडा शून्याजवळच यायला हवा. दहा लाख भागांत पन्नासपर्यंत चालतो. त्याच्यावर गेला तर समजायचं, आधीच्या दगडाची भुकटी दळताना कुठेतरी चिकटून राहिली आणि पुढच्यात मिसळली. मग बाकीच्या एकोणीस आकड्यांचाही भरवसा नाही.

"म्हणजे दगडात काही नाही, हे तू दिवसभर तपासतेस? आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

"आणि तो कोरा दगड – काही बोलत नाही, आत काही आहे असं दाखवत नाही. घरचाच वाटतोय मला."

आई शिलाई मशीनवर होती. पाय थांबवून हसली. मी कोरा चहा संपवला आणि निघाले. कोरा चहा! दादाच्या ते लक्षात आलं नाही, नाहीतर आणखी एक ऐकावं लागलं असतं.

तो बॅटरीवरची बस चालवतो. रोज एकदा तरी म्हणतोच – "दगड आमचा, जहाज त्यांचं, बॅटरी त्यांची. आणि बिघडली की दुरुस्तीचा माणूसही त्यांचाच, तो आठ दिवसांनी येणार. मी तोवर प्रवाशांच्या शिव्या खातो." यावर मी फक्त दगडाचा आकडा सांगते.

गुरुवार, ७ मार्च

बाहेरच्या परीक्षकाचं पत्र आलं. सभ्य भाषा, दोन पानं, एकही वाकडा शब्द नाही. त्यामुळे जास्त लागलं.

गेल्या चौदा महिन्यांत एकसष्ट कोरे. त्यातले चौदा मर्यादेबाहेर. बावीस तारखेपर्यंत लेखी कारण द्या, नाहीतर या चौदा महिन्यांतले सगळे आकडे बाद.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. ओरडत नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवतात, तेवढं पुरतं.

"आज आपल्याकडे बारा वर्षांचा साठा कागदावर आहे. शुद्धीकरणाचा कारखाना इथे हवा असेल तर वीस दाखवावा लागेल. तोवर दगड जहाजाने जाणार – अगदी जसा खणला तसा, मातीसकट. आणि हे आकडे गेले तर बारासुद्धा राहणार नाहीत. कळतंय ना?"

"हो."

"कोऱ्यांची जबाबदारी तुझी. कारण तू लिही."

त्यांची खिडकी मागे उघडते. मागे कथलाच्या जुन्या खाणीचा पांढरा ढिगारा. आमची प्रयोगशाळा त्याच खाणीच्या जुन्या कचेरीत आहे. ढिगाऱ्यावर कुणाच्या तरी शेळ्या चढल्या होत्या. मॅडम बोलत असताना मी शेळ्या मोजल्या. सात.

शुक्रवार, ८ मार्च

कारण लिहिलं. "दळणाऱ्या चक्कीची नमुन्यांच्या मधल्या वेळेत अपुरी सफाई."

दुसरं काय असणार? अशा वेळी शंभरात नव्वद वेळा हेच असतं. पाठ्यपुस्तकातही हेच पहिलं कारण.

चक्की चक्कीकाकांकडे आहे. दगड आधी लोखंडी जबड्याच्या यंत्रात फुटतो, मग काकांच्या चक्कीत त्याचं पीठ होतं – पावडर लावावी इतकं मऊ. प्रत्येक नमुन्यानंतर ते हवेचा फवारा मारतात, काचेची रेती दळून फेकतात, वर फडक्याने पुसतात. फडकं स्वतःचं, घरून आणलेलं, रोज धुतलेलं. नवीन आले होते तेव्हा मी नियम वाचून दाखवायला गेले, तर म्हणाले, "ताई, एका पाहुण्याचं उष्टं दुसऱ्याच्या ताटात मी वाढत नाही. माझ्या आईने एवढं शिकवलंय."

तरी लिहिलं. आकड्यांना आई नसते.

सोमवार, ११ मार्च

चौकशी होईपर्यंत काकांनी घरी थांबायचं, असा वरून हुकूम.

मला वाटलं चिडतील. त्यांनी चक्की पुसली. शेवटचा नमुना होऊन तासभर झाला होता तरी पुसली. फडक्याची घडी करून आत ठेवली. चावी द्यायला माझ्या टेबलाशी आले.

"कागदावर काय लिहिलंय ताई? वाचून दाखवता का?"

वाचलं.

"अपुरी म्हणजे?"

"कमी."

"किती कमी?"

ते उभे राहिले – खरंच उत्तराची वाट बघत होते. टोमणा नव्हता. मग म्हणाले, "बरं, येतो," आणि गेले.

मंगळवार, १२ मार्च

किती कमी?

दिवसभर हेच. मी! जी भाजीवाल्याला "पाव किलो म्हणजे अडीचशे ग्रॅम, दोनशे चाळीस नव्हे" म्हणते. एका माणसाच्या नावावर मी "अपुरी" असा शब्द ठेवला आणि त्याच्यापुढे आकडाच नाही.

चौदा महिन्यांच्या याद्या काढल्या. चौदा नापास कोरे. प्रत्येकाच्या आधी चक्कीत कोणता दगड होता, त्यात लिथियम किती होतं – समोरासमोर मांडलं. साधं आहे. उष्टं वाढायला आधीच्या ताटात काहीतरी असावं लागतं. आधीचा दगड श्रीमंत, तर पुढचा कोरा जास्त बिघडणार.

पाचांच्या आधी बरा दगड होता. नऊजणांच्या आधी जवळजवळ काहीच नाही – ८, ११, ५. आणि सगळ्यात वाईट कोरा, ७४०, तो कुणामागे? सलग सहा रिकाम्या नमुन्यांमागे!

चक्कीत नसलेलं लिथियम काका पुढच्या दगडात घालणार कुठून – खिशातून?

काका नाहीत. मग?

गुरुवार, १४ मार्च

आता एकच जागा उरते. दगड.

कोराच कोरा नसेल तर?

सामानाचं रजिस्टर काढलं. पहिलं पोतं दूरच्या एका दगडखाणीतून विकत आणलं होतं. ते मागच्या वर्षी जानेवारीत संपलं. त्याखालची ओळ:

"कोरा – पांढरी गारगोटी, एक पोतं. स्रोत – स्थानिक. तपासलेले तुकडे – ३. आणणारा –"

आणि सही. माझी.

सगळं आठवलं. दगडखाण तेव्हा बंद होती. मॅडम रजेवर. नमुन्यांची गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. नियम आहे, दहा तुकडे तपासायचे. मी तीन तपासले. तिन्ही कोरे आले. तीन लिहिले – निदान दहा असं खोटं लिहिलं नाही, असं म्हणून तेव्हा स्वतःची पाठ थोपटली असणार.

आणि "स्थानिक"! काय शब्द आहे. सगळं सांगितल्यासारखा वाटतो आणि काही सांगत नाही. मला शोभणारा.

स्थानिक म्हणजे आमच्या घरामागची भिंत. ओढ्याच्या बाजूला कंबरेइतकी उंच आहे, पांढऱ्या दगडांची. तिचं एक टोक ढासळलं होतं. पडलेले दगड पोत्यात भरले आणि दादाच्या बसमधून नेले. आई म्हणाली होती, "दगड कुठे नेतेस?" "कामाला." "बरं." एवढंच झालं होतं.

भिंत टेकडीला टेकलेली. दगड टेकडीचे. आणि टेकडीवर झरा. त्या झऱ्यावर खालच्या चाळीस घरांचे नळ.

आज इथेच थांबते.

शनिवार, १६ मार्च

अर्धी सुट्टी. घरी येऊन भिंतीचे चार तुकडे काढले. आई मागच्या दाराशी खाणकामगारांचे निळे कोट शिवत होती. तीस कोट सोमवारपर्यंत द्यायचेत.

"पुन्हा दगड?"

"हं."

"त्या टोकाचे घे. इकडची बाजू घट्ट आहे, ती हलवू नकोस."

मला वाटलं ती आणखी काही विचारेल. तिने सुई ओवली.

टेकडीवर चढले. वर पांढरे पट्टे आहेत, उन्हात डोळ्यावर येतात. लहानपणी त्यावरून घसरायचो. पिशवी बरोबर होती, हातोडीही होती. पण टेकडीचा तुकडा घेतला नाही. आमच्याकडे नियम आहे – नमुना घेतला की त्याला नंबर पडतो, जागा लिहावी लागते, आणि नंबर पडला की तो आपला राहत नाही. भिंतीचे तुकडे कोऱ्याच्या जुन्या नंबरात बसतात. टेकडीला अजून नंबर नाही.

झऱ्यावर पाणी प्यायले. थंड होतं.

रविवार, १७ मार्च

घरीच. आईने माझ्या कोटाचं बटण लावून दिलं. तीसमधला एकतिसावा, म्हणाली.

सोमवार, १८ मार्च

चक्की मीच चालवली. काका नाहीत तर कोण? प्रत्येक तुकड्यानंतर त्यांच्यासारखी पुसली. एका तुकड्यामागे वीस मिनिटं. नमुन्यांची गाडी आली की ते दिवसाला तीस करायचे!

पहिला तुकडा – ६.
दुसरा – ४.
तिसरा – ४१.
चौथा – १८,९००.

शून्यं मोजली. पुन्हा वजन, पुन्हा विरघळवणं, पुन्हा मशीन. १८,८४०. जवळजवळ एक पूर्णांक नऊ दशांश टक्के. खाणीतला चांगला दगडसुद्धा एकाच्या आसपास असतो.

उरलेला अर्धा तुकडा भिंगाखाली धरला. गारगोटी कशीही फुटते, काचेसारखी. हा एका बाजूला सपाट फुटला होता आणि ती बाजू चमकत होती. पेटलाइट. लिथियमचा पांढरा दगड. "गारगोटी समजून फसगत होण्याचा संभव" – अशी पुस्तकात एक ओळ आहे. ती ओळ मी परीक्षेत लिहून आले होते! दोन गुणांची.

आता सगळं जुळतं. पोत्यात खूप गारगोटी, मधूनच याचा एखादा तुकडा. त्याची एखादी कपची ज्या कोऱ्यात गेली तो नापास. म्हणून कधी ३, कधी ७४०.

खरं लिहिलं तर काका परत येतील.

खरं लिहिलं तर टेकडीला नंबर पडेल. कागदावर वीस वर्षं होतील. चाळीस नळ –

नाही. आज एवढंच.

मंगळवार, १९ मार्च

संध्याकाळी दादाला सहज विचारलं. सहज म्हणजे, त्याच्या बसमध्ये शेवटच्या थांब्यावर, बस रिकामी झाल्यावर.

"समजा आपल्या टेकडीखाली सापडलं, तर?"

"काय?"

"दगड. तुझ्या बॅटरीचा."

आधी हसला. मग त्याने हँडब्रेक ओढला आणि समोरच्या काचेतून बघत बसला. "कारखाना तर पाहिजेच गं. मीच बोलतो ना रोज. इथेच शुद्ध व्हावं, इथेच बॅटरी बनावी. आपल्या पोरांनी ती दुरुस्त करावी." आतले दिवे मालवले. "फक्त टेकडी दुसऱ्या कुणाची तरी असावी."

इतकं खरं बोललेलं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नाही. त्यालाही ते कळलं असावं.

बुधवार, २० मार्च

काकांच्या घरी गेले. का गेले, माहीत नाही. चावीबद्दल काहीतरी विचारायचं असं ठरवून गेले.

काका घरी नव्हते. दोन गल्ल्या पलीकडे पिठाच्या गिरणीत होते. गिरणीवाल्याची चाळणी खोलून एकेक जाळी पुसत होते. पैसे घेत नाहीत म्हणे. "हात बसत नाहीत गप्प," गिरणीवाला म्हणाला. "आमच्याकडे गव्हानंतर ज्वारी दळली तर आता दहा मिनिटं थांबावं लागतं, हे सोडत नाहीत! गिऱ्हाइकं माझ्यावर ओरडतात."

रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "हेच ना ते, खाणीत घाण ठेवली म्हणून काढलं ते?" हळू नाही, चांगलं ऐकू जाईल असं.

मी चावीचा विषय काढला. काकांनी जाळी उजेडात धरली. एकही भोक बुजलेलं नव्हतं. मला म्हणाले, "ताई, मला लिहिणं जमत नाही, हिशेब जमत नाही, भांडण तर मुळीच जमत नाही. पुसणं तेवढं जमतं." मग, "चावीचं काय म्हणत होता?"

"काही नाही. सापडली."

शुक्रवार, २२ मार्च

लिहून दिलं.

दुसरा कागद. पहिला रद्द. "कोऱ्याच्या पोत्यात लिथियमयुक्त दगड मिसळलेला होता. सफाईत दोष आढळला नाही. पोतं आणताना दहाऐवजी तीन तुकडे तपासले – ही चूक माझी." त्याखाली चौदा कोऱ्यांची यादी, समोर आधीच्या नमुन्यांचे आकडे. शेवटी: "दगडाचा स्रोत – वस्तीमागची टेकडी."

मॅडमनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"तीन?"

"तीन."

"तुझ्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं. म्हणजे – चूक करणं. लिहून देणं अपेक्षित होतं." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा शब्द एकदा गेला की परत बोलावता येणार नाही. तुझं घर तिथंच ना?"

"हो."

"घरी बोललीस?"

"नाही."

"का गं?"

घरी सांगायचं म्हणजे आईचा चेहरा बघावा लागला असता. कागदाला चेहरा नसतो, एवढंच असेल.

त्यांनी सही केली. पेन बराच वेळ हातात धरून मग केली. त्यांनाही तो कारखाना हवा आहे. गेली अकरा वर्षं त्या इथला दगड जहाजावर चढताना बघतायत. तरी त्यांना आनंद झालेला दिसला नाही. ते मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

सोमवार, २५ मार्च

काका आले! सगळ्यांसमोर मॅडमनी पहिला कागद फाडला, दुसरा वाचून दाखवला – माझ्या चुकीसकट. कान तापले. बरोबर होतं.

काका सरळ चक्कीकडे गेले. आत डोकं घातलं.

"कुणी चालवली?"

"मी."

"दिसतंय."

सगळे हसले. मीसुद्धा. मग त्यांनी फडकं उलगडलं, झटकलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती कमी ते शोधून काढलंत म्हणायचं."

"शून्य, काका."

"मग ठीक."

गुरुवार, २८ मार्च

टेकडीवर माणसं आली. मोजणीची तीन पायांची घोडी, पिशव्या, हातोड्या. जिथून तुकडा घेतला तिथे खुंटी, खुंटीला तांबडं फडकं. दहा खुंट्या. नववी झऱ्याच्या अगदी कडेला.

नळावर बायका बोलत होत्या. मी घागर घेऊन गेले तशा थांबल्या. शेजारच्या मावशींनी मला मांडीवर खेळवलंय. त्या म्हणाल्या, "भर बाई तू आधी. तुम्ही साहेब लोक." माझी घागर भरेपर्यंत एकही शब्द नाही. पाण्याचा आवाज इतका मोठा असतो हे माहीत नव्हतं.

दादाने जिन्यात गाठलं. "तूच ना?"

"हो."

"मला बसमध्ये विचारलंस तेव्हा ठरलेलं होतं?"

"नाही."

"सांगायचं तरी! आम्ही काय परके आहोत? आधी अहवाल, मग घरचे?" त्याला आणखी बोलायचं होतं. शेवटी म्हणाला, "आईला मी काही सांगणार नाही. ते तूच सांगायचं."

आई जेवताना टेकडीकडे बघत होती. मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोघी एका साच्यातल्या.

शनिवार, ३० मार्च

दादा बोलत नाही. बस वेळेवर.

मंगळवार, २ एप्रिल

टेकडीचे दहा नमुने आज आले. काकांनी दळले. मी विरघळवले. मॅडम मशीनशी उभ्या राहिल्या, एरवी कधी राहत नाहीत.

५. ३. ७. ४. ४. ६. ३. ९. ५. ४.

दहाच्या दहा कोरे.

पुन्हा चढवले. कोरेच. झऱ्याजवळचा नववा, ज्याच्यासाठी मी चार दिवस नीट जेवले नाही, तो ५. आमच्या पहिल्या, विकतच्या पोत्यापेक्षा चांगला कोरा!

"काका –"

"माझ्याकडे बघू नका ताई. मी प्रत्येक वेळी पुसलीय."

हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग वाटलं, मी खोटी ठरले. भिंतीत १८,९०० आणि टेकडीत पाच? परीक्षक म्हणणार, हिने आधी माणसावर ढकललं, मग टेकडीवर. आता कशावर ढकलणार? आणि चौदा महिने पुन्हा टांगलेले.

मॅडमनी माझा कागद पुढे ओढला. "टेकडी. हे तुला कुणी सांगितलं?"

"भिंत टेकडीला लागून आहे. दगड तसेच पांढरे. दुसरीकडून कोण –"

"कुणी सांगितलं, असं विचारलं मी."

कुणीच नाही. मी "स्थानिक" खोडलं आणि "टेकडी" लिहिलं. दोन्ही वेळा मनानेच!

"भिंत बांधली कुणी?"

"बाबांनी. आता नाहीत ते. नऊ वर्षं झाली."

"आई आहे ना?" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "मग घरी विचार ना, बाई! यंत्रं कसली चालवतेस!"

बुधवार, ३ एप्रिल

काल रात्री आईला सगळं सांगितलं. चौदा कोरे, काका, टेकडी, खुंट्या. तिने मशीन थांबवलं.

"टेकडीचे? वेडी का तू! तू रांगायला लागलीस, ओढ्याकडे सारखी जायचीस. तेव्हापासून तुझे बाबा खाणीतली ड्यूटी संपली की सायकलला एक दगड बांधून आणायचे. रोज एक. कथलाच्या खाणीमागच्या ढिगाऱ्यातला. 'टाकाऊ आहे, कुणी हिशेबात धरत नाही' म्हणायचे. तू शाळेत गेलीस तेव्हा भिंत पुरी झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

आज सकाळी मॅडम आणि मी त्यांच्या खिडकीशी उभ्या राहिलो. ढिगारा. तीस वर्षांचा, खणून, फोडून, वर आणून ठेवलेला. त्याच्यावर शेळ्या; खाली झरा नाही. मॅडमनी चष्मा लावला आणि काका पिशव्या घ्यायला धावले. दहा नाही, शंभर तुकडे घ्यायचे.

रजिस्टरमधली ओळ दुसऱ्यांदा खोडली. स्रोत – जुन्या खाणीचा ढिगारा. शेवटच्या रकान्यात "आणणारा" समोर माझी सही होती, तीही खोडली. बाबांचं पूर्ण नाव लिहिलं.